बोलायला थांबला की बोलायचा थांबला? इंग्रजी क्रियापदांमधले बारीक फरक

‘तो बोलायला थांबला’ आणि ‘तो बोलायचा थांबला’. शब्द तेच, फरक ‘ला’ आणि ‘चा’ एवढाच. पण पहिल्या वाक्यातल्या माणसाने चालता चालता थांबून बोलायला सुरुवात केली, तर दुसऱ्या वाक्यातला गप्प झाला. मराठी माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. आता हीच दोन वाक्यं इंग्रजीत बघा: ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ आणि ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’. इथे मात्र भलेभले अडखळतात. ‘कृपया बोलणं थांबवा’ असं सांगायचं असतं आणि ‘प्लीज स्टॉप टू टॉक’ असं लिहून जातात. वाचणारा त्याचा अर्थ ‘बोलण्यासाठी थांबा’ असा घेतो, म्हणजे सांगायचं होतं त्याच्या नेमका उलटा.

इंग्रजी शिकताना आपण मूळ क्रियापदाचा अर्थ पाठ करतो. ‘स्टॉप’ म्हणजे थांबणे, ‘ट्राय’ म्हणजे प्रयत्न करणे. पण वाक्याला खरं वळण देतो तो त्याच्या आजूबाजूचा छोटा शब्द किंवा शेपूट: ‘टू’, ‘इंग’, ‘ॲट’, ‘अप’, ‘हॅव’. मराठीत हेच काम प्रत्यय आणि सहायक क्रियापदं करतात, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली असतात की आपल्याला जाणवतसुद्धा नाहीत. म्हणून पुढे बहुतेक इंग्रजी जोड्यांशेजारी त्यांच्या मराठी जोड्या ठेवल्या आहेत.

आधी घरचं उदाहरण

‘मी त्याला सांगितलं.’ ही नुसती माहिती झाली. ‘सांगून टाकलं’ म्हटलं की मनावरचं ओझं उतरलं. ‘सांगून ठेवलं’ म्हणजे पुढची सोय केली. ‘सांगून पाहिलं’ म्हणजे उपयोग होतो का ते आजमावलं. आणि ‘सांगून बसलो’ म्हणजे सांगायला नको होतं. यात काहीही टाकलेलं नाही, ठेवलेलं नाही, कुणी बसलेलंही नाही. दुसऱ्या क्रियापदाने आपला मूळ अर्थ सोडून पहिल्याला एक छटा दिली आहे. मराठी व्याकरणात याला संयुक्त क्रियापद म्हणतात.

इंग्रजीत हीच करामत क्रियापद आणि त्याला जोडलेला छोटा शब्द मिळून करतात. ‘ईट अप’, ‘गिव्ह अप’, ‘लुक आफ्टर’ अशा जोड्यांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात. ‘ईट अप’मध्ये कुणी वर जात नाही, जसं ‘खाऊन टाक’मध्ये कुणी काही टाकत नाही.

‘टू’ पुढे बघतो, ‘इंग’ मागे बघतं

सगळ्यात जास्त गोंधळ या जोडीत होतो आणि तो सोडवायची किल्लीही इथेच सापडते. क्रियापदाआधी येणारा ‘टू’ मुळात दिशा दाखवणारा शब्द होता, ‘कडे’ या अर्थाचा. ती दिशा त्याच्यात अजून शिल्लक आहे. म्हणून ‘टू’नंतरची क्रिया साधारणपणे अजून व्हायची असते. ‘इंग’ लावलेली क्रिया झालेली असते, चालू असते किंवा निदान डोळ्यांसमोर असते.

कुलपाचं उदाहरण घेऊ. ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायचं लक्षात ठेव. आधी आठवण, मग कुलूप. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचं मला आठवतंय. आधी कुलूप, मग आठवण. मराठीतलं ‘लावायचं’ आणि ‘लावल्याचं’ हेच काम करतं. घरातून निघताना पहिलं वाक्य बोलतात, अर्ध्या वाटेवर पोटात गोळा आला की दुसरं.

‘फर्गेट’ याच वाटेने जातं. ‘आय फर्गॉट टू पे’ म्हणजे पैसे भरायला विसरलो, अजून बाकी आहेत. ‘आय विल नेव्हर फर्गेट सीइंग द सी’ म्हणजे समुद्र पाहिल्याचं कधीच विसरणार नाही. ‘फर्गेट’पुढे ‘इंग’ येतं ते बहुतेक अशा ‘कधीच विसरणार नाही’ छापाच्या वाक्यांत.

‘रिग्रेट’ जपून वापरावं, कारण ते कामकाजाच्या पत्रांत येतं. ‘वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ म्हणजे आपणास कळवताना खेद होतो, वाईट बातमी पुढच्या शब्दांत येते आहे. ‘वुई रिग्रेट इन्फॉर्मिंग यू’ म्हणजे आपणास कळवल्याचा आम्हाला पश्चात्ताप होतो. नकाराच्या पत्रात हे दुसरं वाक्य गेलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की कळवलं हीच यांची चूक झाली.

‘ट्राय’ची जोडी मला सगळ्यात देखणी वाटते, कारण मराठी तिथे अगदी तंतोतंत जुळते. ‘आय ट्राइड टू ओपन द विंडो’ म्हणजे खिडकी उघडायचा प्रयत्न केला. उघडणं हेच अवघड होतं, बहुधा ती उघडलीच नाही. ‘आय ट्राइड ओपनिंग द विंडो’ म्हणजे खिडकी उघडून पाहिली. ती सहज उघडली, पण त्याने उकाडा कमी झाला की नाही हा प्रश्न वेगळा. मोबाइल अडला की दुरुस्तीवाला ‘ट्राय रीस्टार्टिंग इट’ म्हणतो, म्हणजे बंद करून परत चालू करून पाहा. तिथे ‘ट्राय टू रीस्टार्ट’ म्हटलं तर चालू करणंच कष्टाचं काम आहे असा सूर लागतो.

‘गो ऑन’ घ्या. ‘शी वेंट ऑन टॉकिंग’ म्हणजे ती बोलतच राहिली. ‘शी वेंट ऑन टू टॉक अबाउट मनी’ म्हणजे आधीचा विषय संपवून ती पैशांबद्दल बोलू लागली.

‘स्टार्ट’, ‘बिगिन’ आणि ‘कंटिन्यू’ यांच्यापुढे ‘टू’ लावा नाहीतर ‘इंग’, अर्थामध्ये फारसा फरक पडत नाही. फक्त लागोपाठ दोन ‘इंग’ कानाला खटकतात, म्हणून ‘इट इज बिगिनिंग टू रेन’ म्हणतात, ‘बिगिनिंग रेनिंग’ म्हणत नाहीत.

त्याच तोंडवळ्याचा दुसरा ‘टू’

‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे मी पूर्वी लवकर उठायचो, आता नाही. ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे. ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू इट’ म्हणजे हळूहळू सवय होते आहे. पहिलं वाक्य संपलेल्या काळाबद्दल आहे, दुसरं आजबद्दल. बरेच जण आजची सवय सांगताना ‘आय यूज्ड टू गो देअर डेली’ म्हणतात. ऐकणाऱ्याला त्यातून कळतं ते हे की आता जाणं बंद झालं आहे. आजसाठी साधं ‘आय गो देअर डेली’ पुरतं.

मग ‘यूज्ड टू गेट’ आणि ‘यूज्ड टू गेटिंग’, दोन्हींत ‘टू’ असून पुढचं रूप वेगळं का? कारण हे दोन वेगळे ‘टू’ आहेत. एक क्रियापदाच्या आधीची खूण आहे. दुसरा शब्दयोगी अव्ययासारखा आहे, म्हणजे त्याच्यानंतर नाम हवं, जसं मराठीत ‘ची सवय’च्या आधी नाम हवं. हे ओळखायची एक चाचणी हाताशी ठेवा: ‘टू’नंतर ‘इट’ (‘ते’ या अर्थाचा, खाण्याचा ‘ईट’ नव्हे) ठेवून बघा. ‘आय ॲम यूज्ड टू इट’ बरोबर बसतं, म्हणून पुढे क्रिया आली तर तिला ‘इंग’ लावायचं. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू इट’ बसतं, म्हणून ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. ‘आय वाँट टू इट’ बसत नाही, म्हणून ‘वाँट टू मीट’. पत्राच्या शेवटी हमखास होणारी ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ ही चूक या चाचणीत लगेच पकडली जाते.

उच्चारातही एक खूण आहे. ‘वापरलं’ या अर्थाचा ‘यूज्ड’ झणझणीत ‘झ’ने बोलतात, ‘यूझ्ड’. पूर्वीची सवय किंवा आताची सवय सांगताना तो ‘यूस्ट’ होतो आणि पुढच्या ‘टू’ला चिकटतो, ‘यूस्टू’. कानाने हे टिपलं की अर्थ आपोआप वेगळे पडतात.

पूर्वीची सवय ‘वुड’नेही सांगता येते, ‘ही वुड सिट हिअर फॉर अवर्स’. पण ते फक्त पुन्हा पुन्हा होणाऱ्या कृतीसाठी. स्थितीसाठी ते चालत नाही. ‘पूर्वी इथे विहीर होती’ याला ‘देअर यूज्ड टू बी अ वेल’च हवं.

झालं, की होऊ शकत होतं?

‘दार उघडता येत होतं’ आणि ‘दार उघडता आलं’ यातला फरक आपल्या कानाला लगेच कळतो. पहिल्यात क्षमता आहे, दुसऱ्यात घडलेली गोष्ट. इंग्रजीत क्षमतेला ‘कुड’ आणि एका प्रसंगी जमून गेलेल्या गोष्टीला ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’. ‘काल खूप खटपटीनंतर दार उघडता आलं’ हे ‘आय कुड ओपन द डोअर’ असं लिहिलं तर वाचणारा विचारेल, बरं, मग उघडलं का? नकारात मात्र ही अडचण येत नाही. ‘कुडन्ट’ दोन्हीकडे चालतं, कारण जमलं नाही म्हणजे झालंही नाही. ‘सी’ आणि ‘हिअर’ यांच्याबरोबरही ‘कुड’ बिनधास्त चालतं: ‘आय कुड हिअर अ नॉइज’, मला आवाज ऐकू येत होता.

‘ही हॅज गॉन टू द मार्केट’ म्हणजे तो बाजारात गेला आहे, आत्ता भेटणार नाही. ‘ही हॅज बीन टू द मार्केट’ म्हणजे तो बाजारात जाऊन आला आहे.

पुढची जोडी जरा सावकाश बघण्यासारखी आहे. झेनो व्हेंडलर या तत्त्वज्ञाने 1957 मध्ये क्रियापदांचे चार गट पाडले: स्थिती, चालू राहणारी क्रिया, शेवट असलेलं काम आणि क्षणात घडणारी गोष्ट. त्यातल्या मधल्या दोन गटांना वेगळं करणारी एक सोपी चाचणी आहे. ‘फॉर ॲन अवर’ बसतं की ‘इन ॲन अवर’ ते बघायचं. ‘शी रेड द रिपोर्ट फॉर ॲन अवर’ म्हणजे तिने तासभर अहवाल वाचला, संपला की नाही कळत नाही. ‘शी रेड द रिपोर्ट इन ॲन अवर’ म्हणजे तासाभरात वाचला, संपला. मराठीतले ‘तासभर’ आणि ‘तासाभरात’ हेच सांगतात. कामाचा हिशेब देताना या दोन शब्दांची अदलाबदल झाली, तर चालू असलेलं काम झालेलं ठरतं.

असाच आणखी एक फरक साक्षीसारख्या ठिकाणी मोठा होतो. ‘आय सॉ हिम क्रॉस द रोड’ म्हणजे तो रस्ता ओलांडून गेलेला मी पाहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ‘आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड’ म्हणजे रस्ता ओलांडताना पाहिला. तो पलीकडे पोहोचला का, हे हे वाक्य सांगत नाही.

‘मस्ट हॅव’ म्हणजे ‘करावंच लागलं’ नव्हे

‘मस्ट गो’ म्हणजे गेलंच पाहिजे. मग त्याचा भूतकाळ ‘मस्ट हॅव गॉन’ असेल असं वाटणं साहजिक आहे, पण तो तसा नाही. ‘ही मस्ट हॅव गॉन’ म्हणजे तो गेला असणार, हा आपला अंदाज. ‘जावंच लागलं’ याला ‘हॅड टू गो’. ‘मे हॅव गॉन’ किंवा ‘माइट हॅव गॉन’ म्हणजे गेला असेल, अंदाज जरा कच्चा. ‘शुड हॅव गॉन’ म्हणजे जायला हवं होतं, आणि तो गेला नाही. ‘कुड हॅव गॉन’ बहुतेकदा जाऊ शकला असता, म्हणजे हाही गेला नाही. इथे खरा धोका ‘शुड हॅव’चा आहे. ‘यू शुड हॅव सेंट द फाइल’ हे साधं विधान दिसतं, पण ऐकणाऱ्याला तो ठपका वाटतो: फाइल पाठवायला हवी होती, पाठवली नाहीत. ‘तुम्ही फाइल पाठवली असेलच’ असं सौम्यपणे म्हणायचं असेल तर ‘यू मस्ट हॅव सेंट द फाइल’.

वर्तमानातही ‘मस्ट’ फसवतं. ‘हॅव टू’ आणि ‘मस्ट’ होकारात जवळजवळ एकच, पण नकारात दोघांचे रस्ते फुटतात. ‘यू मस्ट नॉट साइन हिअर’ म्हणजे इथे सही करायची नाही. ‘यू डोन्ट हॅव टू साइन हिअर’ म्हणजे इथे सही करायची गरज नाही, केली तरी बिघडत नाही. अर्ज भरताना पहिल्याला दुसरं समजून सही केली, तर अर्ज परत येऊ शकतो.

आता मराठी जिथे पुरेशी मदत करत नाही अशी एक जोडी. ‘छत्री आणायची गरज नव्हती.’ मग आणली होती की नाही? या वाक्यावरून कळत नाही, म्हणून आपण पुढे ‘उगाच आणली’ असं जोडतो. इंग्रजीत हे क्रियापदातच उरकतं. ‘यू नीडन्ट हॅव ब्रॉट ॲन अम्ब्रेला’ म्हणजे आणलीत, पण उगाच. ‘यू डिडन्ट नीड टू ब्रिंग वन’ म्हणजे गरज नव्हती, एवढंच.

चेंडू त्याच्याकडे की त्याच्या अंगावर?

‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे त्याने झेलावा म्हणून त्याच्याकडे टाक. ‘थ्रो द बॉल ॲट हिम’ म्हणजे त्याच्या अंगावर मार. ‘शाउट टू हिम’ म्हणजे लांबून मोठ्याने हाक मार, ‘शाउट ॲट हिम’ म्हणजे त्याच्यावर ओरड. ‘टू’ समोरच्याला घेणारा मानतो, ‘ॲट’ त्याला निशाणा करतो.

‘ॲट’ची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. ‘शी शॉट द टायगर’मध्ये वाघाला गोळी लागली. ‘शी शॉट ॲट द टायगर’मध्ये गोळी झाडली वाघाच्या रोखाने, लागली की नाही कोण जाणे. अशा ठिकाणी छोटा शब्द मध्ये आला की क्रिया आणि तिचं लक्ष्य यांत अंतर पडतं. ‘आय नो हिम’ म्हणजे मी त्याला ओळखतो, ‘आय नो ऑफ हिम’ म्हणजे त्याचं नाव ऐकून आहे. ‘आय हर्ड हिम’ म्हणजे त्याचा आवाज ऐकला, ‘आय हर्ड ऑफ हिम’ म्हणजे त्याच्याविषयी कानावर आलं. आणि ‘आय हर्ड फ्रॉम हिम’ म्हणजे त्याचा फोन, पत्र किंवा निरोप आला.

‘अप’ म्हणजे आपलं ‘टाक’

‘ड्रिंक युअर मिल्क’ म्हणजे दूध पी. ‘ड्रिंक अप युअर मिल्क’ म्हणजे पिऊन टाक, पेल्यात उरता कामा नये. ‘यूज’ म्हणजे वापरणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. ‘फिल’ आणि ‘फिल अप’मध्येही तसंच, दुसऱ्यात काठोकाठ भरण्याचा भाव. हा ‘अप’ काम तडीला नेतो. सगळीकडे मात्र नाही: ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे आणि ‘लुक अप’ म्हणजे शब्दकोशात शोधणे, ते तसेच्या तसे शिकावे लागतात. आणि ‘बर्न अप’, ‘बर्न डाउन’ ही गमतीची जोडी. कागद ‘बर्न अप’ होतो, जळून नाहीसा होतो. इमारत ‘बर्न डाउन’ होते, कारण ती जळून खाली येते.

शब्दांच्या क्रमाचा एक पक्का नियम इथे सांगायला हवा. ‘लुक अप द वर्ड’ आणि ‘लुक द वर्ड अप’ दोन्ही चालतात. पण ‘वर्ड’च्या जागी ‘इट’ आला की तो मध्येच बसतो: ‘लुक इट अप’, कधीही ‘लुक अप इट’ नाही. याउलट ‘लुक ॲट’, ‘लुक आफ्टर’, ‘लुक फॉर’ यांची जोडी तुटत नाही: ‘लुक ॲट इट’, ‘लुक आफ्टर इट’. बोलताना पहिल्या प्रकारात जोर ‘अप’वर पडतो, दुसऱ्यात बहुतेकदा ‘लुक’वर.

‘मराठीतून विचार केला तर इंग्रजी बिघडेल ना?’

काही ठिकाणी बिघडते. ‘विषयाबद्दल चर्चा’ आपल्या तोंडात बसलेली असते, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहिलं जातं. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ नको, ‘रीच’ला ‘टू’ नको, ‘मॅरी’ला ‘विथ’ नको. ‘एंटर’ खोलीसाठी एकटा वापरतात, ‘एंटर द रूम’, पण करारासाठी ‘एंटर इन्टू ॲन ॲग्रीमेंट’. म्हणून मराठीचा शब्द इंग्रजीवर चिकटवायचा नाही. मराठीतून फक्त आपल्याला काय म्हणायचं आहे ते पक्कं करायचं: क्रिया झाली आहे की व्हायची आहे, पुरी झाली की चालू आहे, लक्ष्याला लागली की नुसती रोखली. ते ठरलं की मग इंग्रजी साचा शोधायचा.

प्रत्यय एकास एक जुळतील अशी अपेक्षाही ठेवू नका. ‘लावायचं लक्षात ठेव’मधल्या ‘आयचं’ला ‘टू’ लागतो, तर ‘बोलायचा थांबला’मधल्या ‘आयचा’ला ‘इंग’.

‘पण अर्थ तर पोहोचतो, मग एवढं कशाला?’

समोरासमोर बोलताना चेहरा, हातवारे, प्रसंग असं सगळं मदतीला असतं, आणि तिथे हा आक्षेप बराचसा बरोबर आहे. ‘डिस्कस अबाउट’ने कुणाचं नुकसान होत नाही. पण ‘मस्ट नॉट’, ‘शुड हॅव’, ‘स्टॉप टू’, ‘यूज्ड टू’ यांत अर्थ पोहोचतो तो चुकीचाच, आणि तोही पूर्ण खात्रीने. वाचणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही, म्हणून तो विचारत नाही. वेळ कमी असेल तर आधी या चार जोड्या पक्क्या कराव्यात, बाकीच्या सवडीने.

सराव कसा करावा

वहीत नुसतं ‘रिमेंबर’ लिहू नका. ‘रिमेंबर टू डू’ आणि ‘रिमेंबर डूइंग’ अशा दोन ओळी लिहा आणि प्रत्येकीसमोर स्वतःचं एक मराठी वाक्य. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या शब्दकोशांत क्रियापदाखाली हे साचे ठळक छापलेले असतात. अर्थ वाचण्याआधी नजर तिथे न्यायची.

मग एकच प्रसंग घेऊन तो फिरवायचा. दार बंद करायला विसरले: ‘आय फर्गॉट टू क्लोज द डोअर’. दार बंद केल्याचं आठवत नाही: ‘आय डोन्ट रिमेंबर क्लोजिंग इट’. बंद करून पाहिलं: ‘आय ट्राइड क्लोजिंग इट’. बंद करता आलं: ‘आय मॅनेज्ड टू क्लोज इट’. बंद करायला हवं होतं: ‘आय शुड हॅव क्लोज्ड इट’. पाच वाक्यं सलग, न अडखळता म्हणता आली की दुसरं क्रियापद घ्यायचं.

राहता राहिलं सुरुवातीचं ‘सांगून बसलो’. त्यालाही इंग्रजीत, निदान बोलण्यात, जोड आहे: ‘आय वेंट अँड टोल्ड हिम’. त्यात कुणी कुठे जात नाही. ‘वेंट’ने फक्त ‘नको ते करून बसलो’ ही चुटपुट आणली आहे, जशी आपल्याकडे ‘बसलो’ने आणली.